साहेबांचा ऐकण्याचा चेहरा

आठ वर्षं! एकशे अकरा कॉन्फरन्स! एकदाही स्क्रीन काळी पडली नाही, एकदाही आवाज गेला नाही! अख्ख्या अम्मानमध्ये दुसरा कुणी असं म्हणत असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, त्याच्याच वायरीनं त्याला खांबाला बांधतो. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. डिप्लोमा नाही, कोर्स नाही. लग्नाच्या शूटिंगला वायरी उचलत उचलत शिकलो. म्हणून छातीठोकपणे सांगतो, लाइव्ह नावाची गोष्ट या जगात अस्तित्वातच नाही.

अर्धे लोक लाइव्ह लावून झोपतात. उरलेले अर्धे म्हणतात, रेकॉर्डिंग आहेच, सवडीनं बघू. ती सवड त्यांना मरेपर्यंत मिळत नाही. गेल्या वर्षीच्या आमच्या कॉन्फरन्सचं रेकॉर्डिंग वर्षभरात चार वेळा बघितलं गेलं. तीन वेळा मी, आवाज नीट आलाय का बघायला. चौथ्यांदा शाहिर बेक, स्वतः नीट दिसतोय का बघायला.

शाहिर बेक म्हणजे आमचे मालक. जम्रा कंपनी हीटर बनवते. कारखाना झरकाला, काचेचं ऑफिस अम्मानला. झरकात माणसं घाम गाळून ऊब तयार करतात, आणि अम्मानमध्ये आम्ही एसीत बसून ती विकतो. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी देशभरच्या दुकानदारांची सगळ्यात मोठी कॉन्फरन्स. तीनशे जण हॉटेलात, हजार-बाराशे घरी स्क्रीनपुढे. हे सगळं दाखवणारा एकटा मी, मुतसिम! हुद्दा ‘प्रक्षेपण प्रमुख’. माझ्या हाताखाली कोण? एक खुर्ची.

आणि हा प्रमुख आठ वर्षं कच्चा! दर डिसेंबरात एक कागद येतो, सही केली की आणखी एक वर्ष. पक्क्या नोकरांना विमा, कच्च्यांना शुभेच्छा. माझी जना पाच वर्षांची आहे. तिला ऐकू कमी येतं. आमच्या घरी टीव्ही एवढ्या मोठ्यानं चालतो की वरच्या मजल्यावरची म्हातारी आमच्या बातम्यांवर तिच्या घरातून शिव्या घालते. डॉक्टर म्हणाले, कानाचं ऑपरेशन सहा वर्षांच्या आत करा, पुढे उपयोग नाही. ते विम्यात बसतं. विमा पक्क्यांना. म्हणजे सगळं एका सहीवर येऊन अडलं होतं.

यंदा बेक कॉन्फरन्सला नसणार होते. दुकानदारांना कळवलं होतं, बेक जिनिव्हाला मोठ्या बैठकीसाठी गेलेत, तिथून थेट बोलतील. खरं सांगू? बेक इस्तंबूलला केस लावून घ्यायला जाणार होते! डोक्यावर तीन हजार भोकं पाडून घेतलेला माणूस कॅमेऱ्यासमोर बसवला तर दुकानदार हीटर सोडून ॲम्ब्युलन्स मागवतील.

तोडगा काढला रुलाबाईंनी. मार्केटिंगच्या मुख्य. उंच टाचा, दोन फोन आणि मनात शंका शून्य.

“मुतसिम, दहा दिवस आधी रेकॉर्ड करू आणि लाइव्ह म्हणून लावू.”

“बाई, हे खोटं झालं.”

“खोटं गरीब लोक बोलतात. हे मार्केटिंग आहे.”

चौदा नोव्हेंबरला बेकच्या ऑफिसात हिरवा पडदा लावला. त्या हिरव्याच्या जागी मी संगणकातून जिनिव्हाचे बर्फाचे डोंगर भरणार होतो. आधी भाषण झालं. मग रुलाबाई म्हणाल्या, “बेक, आता ऐकण्याचा चेहरा.”

“म्हणजे?”

“इतर लोक बोलत असताना तुम्ही ऐकताय असं दिसायला हवं ना! तीन मिनिटं नुसती मान हलवा. मधूनमधून हसा.”

तीन मिनिटं! चाळीस-चाळीस माणसांना एका सहीत घरी पाठवणारा तो माणूस रिकाम्या भिंतीकडे बघून तीन मिनिटं प्रेमळपणे मान हलवत बसला. दुसरं मिनिट संपता संपता त्यानं नाक खाजवलं. मी म्हटलं, “परत घेऊ या.” रुलाबाई म्हणाल्या, “राहू दे, खरं वाटतं.”

मग बाईंचे दोन्ही फोन एकदम वाजले आणि त्या बाहेर गेल्या. कॉफी आली. बेकनं स्वतः माझ्या कपात ओतली. आणि मला काय झालं कोण जाणे, मी तो कप उचलला आणि न पिताच टेबलावर ठेवला.

आमच्याकडे पाहुण्यानं भरला कप खाली ठेवला की घरात शांतता पसरते. मागणं आहे! मुलगी मागायची असो नाहीतर खून माफ करून घ्यायचा असो, यजमान ‘पी’ म्हणाला की दिलं. न पिता पाहुणा उठून गेला तर यजमानाच्या सात पिढ्यांचं नाक कापलं जातं.

“बेक,” मी म्हणालो, “आठ वर्षं झाली. मला पक्का करा.”

बेक पुढे झुकले. मग मिशीवरून हात फिरवत गरजले, “पी! पी कॉफी! तू मागितलंस ते झालं असं समज. नोकरी पक्की! माझ्या मिशीची शपथ! जा, घरी जाऊन बायकोला सांग, बेकनं शब्द दिलाय!”

मी प्यायलो. जीभ भाजली, तरी प्यायलो!

घरी सांगितलं. माझी बायको हनान रडली, मग तिनं जनाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, मग वरची म्हातारी ओरडली. आनंदीआनंद! दुसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागात गेलो. तिथला गृहस्थ तोंडातला बिस्किटाचा तुकडा न गिळताच म्हणाला, “वरून लेखी काही आलेलं नाही.” चार दिवस गेलो. चारही दिवस वरून काही आलं नाही, त्याच्या तोंडातून बिस्किटाचा भुगा तेवढा आला. आणि बेक गेले इस्तंबूलला.

पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? कॅमेरा चालूच होता! तो सगळा शब्द, मिशीसकट, माझ्याकडे रेकॉर्ड झाला होता. ती फाइल मी कॉन्फरन्सच्या यंत्रावर घेऊन गेलो. जेवणाच्या सुट्टीत रुलाबाईंना दाखवायची आणि म्हणायचं, बोला आता! माझ्यासमोर बटणांची पाटी असते. एक नंबरला स्टेज, दोनला प्रेक्षक, तीनला बेकचं भाषण, चारला ऐकण्याचा चेहरा, सहाला ‘पंधरा मिनिटांत भेटू’ची पाटी. सात रिकामं होतं. तिथे मी माझा शब्द ठेवला, बेकच्या उत्तरापासून पुढचा. यंत्र हिरवा पडदा दिसेल तिथे आपोआप डोंगर भरत होतं, त्यातही भरले.

मूर्ख! सगळं जग मला मूर्ख म्हणतं ते उगाच नाही.

कॉन्फरन्सचा दिवस उजाडला. आणि त्याच सकाळी झरकाच्या कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. एकतीस डिसेंबरला कारखाना बंद. पुढचे हीटर चीनहून येणार. बेचाळीस माणसांचे आभार.

“मी कागद उद्या लावायला सांगितला होता!” रुलाबाई फोनवर किंचाळत होत्या. “उद्या! आज त्यांचा तो फोरमन स्टेजवर येणार आहे!”

फोरमन म्हणजे अबू नायिफ. तीस वर्षांच्या सेवेबद्दल त्याला मानाची ढाल मिळणार होती. ढाल म्हणजे लाकडाच्या फळीवर पितळी पत्रा. पोटावर लाथ मारायची आणि लाथेवर नाव कोरून द्यायचं, ही आमच्या कंपन्यांची रीत आहे. बाकीचे एकेचाळीस जण कारखान्याच्या जेवणघरात स्क्रीनपुढे बसले होते, आपल्या माणसाचा सत्कार लाइव्ह बघायला.

तीन नंबर दाबलं. मोठ्या पडद्यावर बेक अवतरले, मागे बर्फाचे डोंगर. “बंधूंनो! इथून मला तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद दिसतोय!” टाळ्या! सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं. भाषण संपलं, मी चार नंबर दाबलं. बेक मान हलवू लागले.

अबू नायिफ स्टेजवर आला. इस्त्री केलेला जुना कोट, भट्टीनं भाजलेले हात. ढाल दिली. रुलाबाईंनी ‘जुन्या परंपरेचा साज’ म्हणून एक कॉफीवाला उभा केला होता, पितळी किटली, कमरेला पट्टा, सगळा थाट. हॉलमध्ये सगळ्यांना कॉफी वाटून झाली होती; शेवटी त्यानं अबू नायिफच्या हातात कप दिला. फोटो काढून त्याला खाली उतरवायचं होतं.

तो उतरला नाही. तो पडद्याकडे वळला.

“शाहिर बेक, फाटकावर एक कागद लागलाय. तुम्ही कारखाना बंद करताय, हे खरं?”

पडद्यावर बेकनं प्रेमळपणे मान हलवली.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. माझ्या पाचावर धारण बसली!

“बेचाळीस घरं आहेत, बेक. थंडीच्या तोंडावर आम्ही रस्त्यावर यायचं?”

बेकनं मान हलवली. आणि हसले!

“या अल्ला!” पहिल्या रांगेतला इर्बिदचा जाडा दुकानदार उठून उभा राहिला. “हसतोय? माणूस आहे की कोण आहे?”

“आमच्यात हात गमावलेला माणूस आहे,” अबू नायिफचा आवाज चिरकला. “तुमच्याच प्रेसखाली गेला. त्याचं काय?”

बेकनं नाक खाजवलं.

हॉल पेटला! कर्क गावचे लोक खुर्च्या सरकवून उभे राहिले. रुलाबाई धावत माझ्याकडे आल्या. “ते थांबव! मान थांबव त्यांची!”

“थांबवू कशी? तीन मिनिटांची आहे!”

“मग दुसरं काहीतरी लाव!”

तेवढ्यात स्टेजवर अबू नायिफनं वाकून, सावकाश, भरला कप पडद्यासमोर जमिनीवर ठेवला. “बेक, आमचं मागणं तुम्हाला माहीत आहे. ते दिल्याशिवाय ही कॉफी पिणार नाही.”

हॉल गप्प झाला. एवढा गप्प की एसीचा आवाज ऐकू यायला लागला. मग इर्बिदच्या जाड्यानं आपला कप खाली ठेवला. शेजाऱ्यानं ठेवला. खळ्, खळ्, खळ्, तीनशे कप खाली! आणि पडद्यावर आमचा मालक बर्फात बसून नंदीबैलासारखी मान डोलवत होता.

“पाटी लाव! ‘पंधरा मिनिटांत’वाली पाटी!” रुलाबाईंनी माझ्या खांद्यावर दणका घातला.

मी सहा नंबर दाबायला गेलो. दणक्यानं बोट सरकलं. शप्पथ सांगतो, सरकलं! त्या बोटाला जर अक्कल असती तर ते आठ वर्षं त्या कंपनीत राहिलं असतं का?

सात.

पडद्यावर बेक पुढे झुकले. समोर वाफाळती कॉफी, मागे जिनिव्हाचे डोंगर. मिशीवरून हात फिरवला आणि तीनशे माणसांच्या, बाराशे घरांच्या आणि झरकाच्या जेवणघरातल्या एकेचाळीस जणांच्या देखत गरजले, “पी! पी कॉफी! तू मागितलंस ते झालं असं समज. नोकरी पक्की! माझ्या मिशीची शपथ! जा, घरी जाऊन बायकोला सांग, बेकनं शब्द दिलाय!”

छप्पर उडायचं बाकी राहिलं! आरोळ्या, शिट्ट्या, मिठ्या! बायकांच्या बाजूनं जीभ घोळवत काढलेली लांबलचक आनंदाची किलकारी उठली. अबू नायिफनं कप उचलला, एका घोटात प्यायला, आणि तो भट्टीतला माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. “बघा, परदेशात जाऊनही आपलीच कॉफी पितो!” कर्कचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला. “अस्सल रक्त!”

आणि मी? मी वायरींच्या ढिगात बसून माझा शब्द दुसऱ्याला जाताना बघत होतो. लाइव्ह.

“काप! रेकॉर्डिंगमधून काप ते!” रुलाबाईंचा चेहरा पांढराफटक झाला होता.

“आपोआप वर जातं, बाई. तुम्हीच सांगितलं होतं, लाइव्ह संपायच्या आत लोकांना हवं तेव्हा बघता यायला हवं.”

“किती जणांनी बघितलं?”

“नऊ हजार.”

“नऊ... आपले दुकानदार तर पंधराशे आहेत!”

“आता अकरा हजार.”

संध्याकाळी इस्तंबूलहून फोन आला. डोक्याला पट्टी बांधलेल्या माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. “रुला, मला बारा टोळ्यांच्या शेखांचे फोन आले. सगळे म्हणतात, तू मर्द आहेस. मी काय केलं?”

रुलाबाईंनी सांगितलं.  आता नाही म्हणायचं तर भाषण रेकॉर्ड केलेलं होतं हे सांगावं लागणार. ते सांगितलं तर जिनिव्हा गेलं. जिनिव्हा गेलं की लोक विचारणार, मग होतास कुठे? मग केसांचा विषय निघणार! बेकनं हिशेब केला. बेचाळीस माणसं पोसणं त्या विषयापेक्षा सोपं होतं.

“ठीक आहे,” बेक म्हणाले. “कारखाना चालू ठेवा. आणि ते रेकॉर्डिंग मला पाठव.”

डिसेंबरात बेक लोकरी टोपी घालून परत आले. मला बोलावलं. टेबलावर तेच रेकॉर्डिंग चालू होतं. रुलाबाई हळूच माझ्या कानात म्हणाल्या, “एकविसाव्यांदा बघतायत.”

“मुतसिम,” बेक कौतुकानं म्हणाले, “बोललो कसा बघ! पण मला आठवत नाही. हे मी बोललो कधी?”

“चौदा नोव्हेंबरला, बेक. याच खोलीत. माझ्याशी.”

बेकनं पडदा थांबवला. माझ्याकडे बघितलं. त्यांना आठवलं. मी शपथेवर सांगतो, त्यांना आठवलं. आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं, तेच मला जास्त लागलं.

“अरे बाबा, माणसाला तोंड एक, मिशी एक. तो शब्द तर गेला. आता दुसरा आणू कुठून? त्यात झरकाचा खर्च डोक्यावर बसलाय, म्हणून प्रक्षेपणाचं काम पुढच्या वर्षीपासून बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरतंय.”

“म्हणजे मी...”

“एकतीस तारखेपर्यंत आहेस की!”

बाहेर आल्यावर रुलाबाईंनी मला गाठलं. पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या. “तुझ्याकडे मूळ फाइल आहे. डोंगर नसलेली, तारीख असलेली. तू जगाला सांगू शकतोस, हा शब्द मला दिला होता. बेकला तुला दिलेला शब्द पाळावा लागेल. तू पक्का होशील.”

“आणि झरका?”

“मग तो शब्द त्यांना दिलेलाच नाही ना,” त्या म्हणाल्या. “मी फक्त सांगितलं.”

तुम्ही म्हणाल, मी तिथल्या तिथे नकार दिला असेल. नाही दिला! मी काय संत आहे? दोन रात्री झोपलो नाही. हनाननं टीव्हीचा आवाज वाढवला फक्त. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्रासाठी पत्र लिहिलं, पेनड्राइव्हवर मूळ फाइल घेतली, दोन्ही खिशात घातली. आणि त्याच दुपारी अबू नायिफचा फोन आला. “पोरा, कारखान्यात मन्सफची मेजवानी आहे. सगळ्यांनी मिळून बकरा कापलाय. तू नाही आलास तर मी जेवणार नाही.”

गेलो. म्हटलं, आधी त्यांच्या तोंडावर सांगू, मग पत्र देऊ. फुकटचं लपवाछपवीचं काम मला जमत नाही.

जेवणघरात भलंमोठं ताट, भाताचा डोंगर, वर मांस, दह्याच्या रश्शाची वाफ. भिंतीवर बेकचा फोटो! डोंगरासकट! स्क्रीनवरून काढून मोठा केलेला. एका हाताचा तो माणूस आपल्या एका हातानं माझ्यासाठी मांसाचा चांगला तुकडा शोधत होता. बेचाळीस जणांना माझ्याशी हात मिळवायचा होता, कारण ‘ते’ मी दाखवलं होतं.

“माझ्या डोळ्यांत बघून बोलला रे,” अबू नायिफ सांगत होता. “सरळ डोळ्यांत! तीस वर्षांत मला वाटायचं, हा आपल्याला ओळखतसुद्धा नाही.”

मी खिशाकडे हात नेला. नेला आणि तिथेच ठेवला. भात गरम होता, लोक हसत होते, आणि मी तिथे बसून माझ्या मुलीचा कान खात होतो. घासागणिक. दुसरा शब्द मला सुचत नाही.

“तुझं काय, पोरा?” अबू नायिफनं माझ्यापुढे भात सारला. “तू तरी पक्का आहेस ना?”

“नाही, काका. एकतीसला संपतंय.”

“आठ वर्षांनी? कच्चा?” त्यानं हात ताटातून काढला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, खऱ्या काळजीनं. “अरे वेड्या! मग जाऊन मागायचं नाहीस का? त्याच्यासमोर जा, कप खाली ठेव. तो देवमाणूस आहे, कुणाला नाही म्हणत नाही!”

मी घास गिळला.

“सुचलंच नाही, काका.”